अन्नातून विषबाधा टाळायची तर नाकापेक्षा घड्याळावर भरवसा ठेवा

उरलेलं अन्न ठेवायचं की टाकायचं, हे आपल्यापैकी बरेच जण नाकाने ठरवतात. झाकण उघडायचं, वास घ्यायचा, जिभेवर कणभर ठेवून बघायचं आणि आंबूस लागलं नाही तर पानात वाढायचं. ही सवय सुटावी, एवढ्यासाठी हा लेख लिहितो आहे. अन्न नासवणारे जीवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेगळे. पहिल्यांमुळे वास येतो, तार सुटते, रंग बदलतो. दुसरे मात्र चव, वास, रूप काहीही न बदलता वाढत राहतात. म्हणून प्रश्न एकच विचारायचा: हे अन्न किती वेळ बाहेर होतं?

आधी वेळेचं गणित

५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जीवाणूंची वाढ होते. ऊब आणि ओलावा मनासारखा मिळाला तर काही जीवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून बघा. एकाचे तासाभरात ८, दोन तासांत ६४ आणि सात तासांत २० लाखांच्या वर! म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल तर एकच तास धरा.

यावर हमखास उत्तर येतं, ‘खाताना उकळून घेऊ की.’ सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. आपल्या नाकात आणि हातावर राहणारा स्टॅफिलोकॉकस अन्नात पडला की वाढता वाढता विष तयार करतो. उकळल्यावर जीवाणू मरतो, विष तसंच राहतं. भाताचंही असंच आहे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवतानाही तग धरतात. भात कोमट होत गेला की ते रुजतात. त्यांनी सोडलेलं उलट्या घडवणारं विष परतल्याने किंवा पुन्हा वाफवल्याने जात नाही.

एकदा स्वतः करून बघा. मोठं पातेलंभर भात झाकून ठेवा आणि दोन तासांनी वर हात लावा. गार लागेल. आता चमचा मधोमध तळापर्यंत खुपसून भात वर काढा. वाफ निघते! मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रात्रभर ओट्यावर ठेवलेली सगळी पातेली डोळ्यांपुढे आली. जीवाणूंना नेमकी हीच ऊब हवी असते.

जेवण झाल्यावर काय करायचं

उरलेलं अन्न लगेच पसरट भांड्यांत काढा. थर दोन-तीन बोटांपेक्षा उंच नको. भांडं गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळलं तर आणखी लवकर निवतं. मग फ्रिजमध्ये ठेवा. किंचित कोमट अन्न आत गेल्याने काही बिघडत नाही, पूर्ण गार होण्याची वाट बघत ते विसरलं जाण्यात धोका जास्त आहे. फ्रिज ५ अंशांच्या खाली आणि फ्रीजर उणे १८ अंशांवर हवा. फ्रिज इतका ठासून भरू नका की आत हवा खेळायलाच जागा उरणार नाही.

थंडीने जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. लिस्टेरिया तर फ्रिजमध्येही वाढतो आणि गर्भवतीच्या पोटातल्या बाळाला त्याचा फार मोठा धोका असतो. त्यामुळे डब्यावर तारीख लिहा आणि तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना लागेल तेवढंच काढून घ्या आणि ते मधोमध वाफाळेपर्यंत तापवा. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात, मधला भाग गारच राहतो, म्हणून मध्ये एकदा ढवळायला हवं.

शिजवण्याआधी आणि शिजवताना

हात साबणाने २० सेकंद धुवा, विशेषतः शौचाहून आल्यावर आणि कच्चं मांस किंवा अंडी हाताळल्यावर. कच्च्या मांसाचा बोर्ड आणि सुरी वेगळी ठेवा. फ्रिजमध्ये मांस सगळ्यात खालच्या कप्प्यात बंद डब्यात ठेवलं की त्याचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळत नाही. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. त्याचे शिंतोडे सिंकभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात, आणि धुऊन जीवाणू जात नाहीत. ते शिजवल्यानेच मरतात. चिकन आतपर्यंत ७४ अंश तापलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर जाड भागात खुपसून बघा, नुसत्या रंगावर विसंबू नका.

घरात कुणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर ते थांबल्यावरही ४८ तास त्या माणसाने इतरांसाठी स्वयंपाक करू नये. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, तिथे साबण आणि पाणीच हवं.

बाधा झालीच तर

बहुतेक वेळा शेवटच्या जेवणावर खापर फुटतं आणि पुष्कळदा ते चुकीचं असतं. स्टॅफिलोकॉकसच्या विषाने अर्ध्या ते आठ तासांत उलट्या सुरू होतात. साल्मोनेला या जीवाणूला सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत वेळ लागतो, नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास.

मुख्य काम शरीरातलं पाणी भरून काढण्याचं. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घाला. माप काटेकोर पाळा, जास्त मीठ मुलांना घातक ठरतं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध थांबवू नका. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नका.

शौचातून रक्त, ३९ अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ताप, पाणीही पोटात न टिकणं, लघवी जवळजवळ बंद होणं, तीन दिवसांहून लांबलेले जुलाब, यांपैकी काहीही दिसलं तर डॉक्टर गाठा. लहान मूल, गर्भवती आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत त्याआधीच जा. दोन-दोन दिसू लागलं, बोलणं जड झालं, गिळता येईना, तर ती बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेची लक्षणं असू शकतात. तेव्हा तडक रुग्णालयात जा. जाताना गेल्या तीन-चार दिवसांत काय, कुठे, कधी खाल्लं आणि सोबत आणखी कोण आजारी पडलं, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतील आणि तापाने ग्लानी आलेल्या माणसाला ते आठवत नाही.