गव्हाच्या बिअरला ओलं धोतर

जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरची चव यीस्ट आणि आंबवतानाचं तापमान ठरवतं. १८ ते २० अंशांत लवंग-केळ्याचा वास जुळतो. २४ ओलांडले की थिनरसारखा उग्रपणा येतो, तो मग जात नाही. म्हणून बिअर बनवण्याचा परवाना हाती असला तरी विदर्भातल्या गावात ही बिअर पौष-माघातच लावावी. दुपारी खोली तापली की आंबणाऱ्या रसाचा २० लिटरचा ड्रम वीतभर पाण्याच्या टबात ठेवा, जुनं सुती धोतर गुंडाळून टोक पाण्यात सोडा, पंखा लावा. कोरड्या हवेत माठासारखा गारवा येतो. पावसाळ्यात हे चालत नाही, कापड सुकतच नाही. तापमान ड्रमचं मोजा, खोलीचं नव्हे; आंबण्याच्या भरात आतला रस २-४ अंश जास्त गरम असतो. पहाटे पारा १०-१२वर आला तर धोतर काढून गोधडी लपेटा, नाहीतर यीस्ट तळाला बसतं.