एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘कोथरूड’चा नुसता ‘क’ उरतो तेव्हा
हिंजवडीत नव्याने रुजू झालेल्यांनी आणि क्लासमधून एसक्यूएल शिकणाऱ्यांनी एक गोष्ट आज करून बघावी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये @भाग नावाचं व्हेरिएबल एनव्हारचार (nvarchar, देवनागरीसकट कुठलाही मजकूर ठेवणारा प्रकार) म्हणून डिक्लेअर करा, पण कंसात लांबी देऊ नका. त्यात N'कोथरूड' भरा आणि सिलेक्ट करा. हाती येईल फक्त ‘क’. डिक्लेअर करताना लांबी दिली नाही तर ती 1 धरली जाते, आणि उरलेली अक्षरं बिनबोभाट कापली जातात. एरर नाही की वॉर्निंग नाही, म्हणूनच हे घातक. लांबी नेहमी लिहा. नेहमीच्या कोलेशनमध्ये (मजकूर साठवण्या-जुळवण्याच्या सेटिंगमध्ये) देवनागरीसाठी साधा व्हारचार चालत नाही, प्रश्नचिन्हं दिसतात. एनव्हारचार घ्या आणि अवतरणाआधी कॅपिटल ‘एन’ लावा.

आता स्कोप, म्हणजे व्हेरिएबल कुठवर ओळखलं जातं ते. व्हेरिएबल बॅचपुरतंच, म्हणजे सर्व्हरला एका दमात पाठवलेल्या ओळींपुरतंच जगतं. मध्ये ‘गो’ आलं की बॅच संपली. पुढच्या ओळीत तेच नाव वापरलं तर ‘डिक्लेअर करा’ असं सुनावलं जातं.

जावावाल्यांची खरी फसगत लूपमध्ये होते. बिगिन-एंडच्या आत डिक्लेअर केलेलं व्हेरिएबल बाहेरही दिसतं. शिवाय फेरीगणिक ते रिकामं होत नाही, जुनीच किंमत धरून बसतं. प्रत्येक पेठेची वेगळी बेरीज हवी असेल, तर सदाशिवची रक्कम नारायणमध्ये मिसळेल. डिक्लेअरच्याच ओळीत ‘= 0’ लिहिलं, की दर फेरीला किंमत शून्यावर येते.

मायएसक्यूएलचे नियम वेगळे: तिथे @ लावलेलं व्हेरिएबल सेशन (म्हणजे तुमचं कनेक्शन) संपेपर्यंत टिकतं.