अँटी-डीएनएच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

ल्युपस या स्वयंप्रतिकार आजाराच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते) रुग्णांच्या रक्तात डीएनएविरुद्ध अँटिबॉडी असतात, हे १९५७ च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीची एमएस्सी, नाहीतर डीएमएलटी करून या कामाला लागणाऱ्यांना इथपर्यंतचं सगळं पाठ असतं. गाडी अडते ती पुढे. या अँटिबॉडी शोधायच्या चाचणीत प्लेटवर नेमका कोणता डीएनए बसवलाय, हे कुणी विचारतच नाही. आमच्या मते पहिल्या दिवशी तेच विचारावं.

काफ थायमस (वासराच्या थायमस ग्रंथीतल्या) डीएनएच्या बाटलीवर ‘डबल स्ट्रँडेड’ लिहिलेलं असलं, तरी आत सुट्या धाग्याचे पट्टे असतातच. सुट्या धाग्याविरुद्धच्या अँटिबॉडी ल्युपसखेरीज इतर बऱ्याच आजारांत सापडतात, त्यामुळे निदानाला त्या फारशा कामाच्या नाहीत. एलायझा (प्लेटवर रंग आणून अँटिबॉडी मोजायची चाचणी) स्वतः बसवायचा असेल तर डीएनए आधी एस-१ न्यूक्लिएजमधून, म्हणजे सुटे धागे तोडणाऱ्या एन्झाइममधून काढा. या एन्झाइमला झिंक आणि साधारण ४.५ पीएच लागतो. नेहमीच्या पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं बफर) टाकलंत तर ते नीट काम करत नाही. डीएनए नुसत्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवू नका. मीठ नसलं की दोन धाग्यांवरचे ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि जोडी सुटायला लागते. टीई बफरमध्ये थोडं सोडियम क्लोराइड घाला, रात्रभर ४ अंशांवर ठेवा, व्होर्टेक्सला हात लावू नका. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं (२६०/२८०) गुणोत्तर १.८ आलं म्हणून खूश होण्यात अर्थ नाही; त्यातून प्रोटीन किती राहिलंय याचा अंदाज येतो, धागे जोडलेले आहेत की सुटे हे कळत नाही.

खरी गंमत प्लेटवर सुरू होते. साध्या पॉलिस्टायरिनवर डीएनए नीट चिकटत नाही, म्हणून आधी पॉली-एल-लायसिनचा थर देतात: १० ते ५० मायक्रोग्रॅम प्रति मिली, प्रत्येक वेलमध्ये (प्लेटवरच्या खड्ड्यात) १०० मायक्रोलिटर, एक तास. मग धुऊन १० मायक्रोग्रॅम प्रति मिली डीएनए, रात्रभर ४ अंशांवर. पण धन भाराचा हा थर सीरममधल्या इम्युनोग्लोब्युलिनलाही (इतर अँटिबॉडींना) पकडतो आणि डीएनएचा संबंध नसताना रंग येतो. त्यामुळे प्रत्येक सीरमसाठी डीएनए न घातलेले दोन वेल ठेवायचे आणि त्यांचं रिडिंग वजा करायचं. प्लेट वाचवायच्या नादात नवखे हेच वेल गाळतात.

पुढचं सरळ आहे. १ टक्का बीएसएने ब्लॉक, सीरम १:१०० एक तास, ०.०५ टक्के ट्वीन-२० घातलेल्या पीबीएसने चार-पाच वॉश, एचआरपी (रंग आणणारं एन्झाइम) लावलेली अँटी-ह्यूमन आयजीजी, टीएमबी (त्या एन्झाइमने रंगणारं द्रव्य) अंधारात १० ते १५ मिनिटं, सल्फ्युरिक आम्लाने थांबवून ४५० नॅनोमीटरवर रिडिंग. अख्खी प्लेट कोरी आली तर आधी बफरची बाटली बघा: सोडियम अझाइड असेल तर एचआरपी बंद पडतं. वॉशनंतर वेल सुकू दिले तर पार्श्वभूमी चढते. डीएनए तोडणाऱ्या डीएनेजला मॅग्नेशियम-कॅल्शियम लागतं आणि ते एन्झाइम सीरममध्ये मुळातच असतं, म्हणून सीरम पातळ करायच्या डायल्युएंटमध्ये हे धातू बांधून ठेवणारं थोडं ईडीटीए असलेलं बरं.

पॉझिटिव्ह आलेल्या सीरमची खातरजमा करायला इनहिबिशन करा. तेच सीरम मोकळ्या दुहेरी डीएनएबरोबर आधी तासभर ठेवायचं: ०, १, १० आणि १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. रंग पायरीपायरीने उतरला तर अँटिबॉडी खरंच डीएनएची. हललाच नाही, तर ती बहुधा दुसऱ्याच कशाला चिकटतेय.

याच अँटिबॉडीची दुसरी चाचणी, क्रिथिडिया ल्युसिलीची स्लाइड, मात्र डोळ्यांचं काम आहे. या एकपेशीय जिवाच्या कायनेटोप्लास्ट नावाच्या भागात दुहेरी डीएनए गच्च भरलेला असतो. सीरम १:१०, ओलसर डब्यात ३० मिनिटं, वॉश, फ्लोरेसिन लावलेली अँटी-आयजीजी ३० मिनिटं, पुन्हा वॉश, ४०० पट मोठं करून बघायचं. पेशीत मोठा गोल दिसतो तो न्यूक्लियस. फ्लॅजेलमच्या (शेपटीसारख्या तंतूच्या) बुडाजवळचा लहान, ठसठशीत ठिपका तो कायनेटोप्लास्ट. नुसता न्यूक्लियस चमकला तर निगेटिव्ह. फ्लॅजेलमचं बूड चमकलं तरी निगेटिव्हच, आणि फसगत बहुतेकदा इथेच होते. सुरुवातीला पॉझिटिव्ह कंट्रोलची स्लाइड शेजारी ठेवूनच वाचा.

एलायझा कमी पकडीच्या अँटिबॉडीही टिपतो; क्रिथिडिया आणि किरणोत्सर्गी डीएनएवरची ‘फार’ (Farr) नावाची पद्धत मुख्यतः घट्ट पकडीच्या. एकच सीरम एकीकडे पॉझिटिव्ह, दुसरीकडे निगेटिव्ह येतं ते यामुळे. लगेच कुणाच्या पिपेटवर संशय घेऊ नका. दोन कंपन्यांच्या किटवर आंतरराष्ट्रीय एकक छापलेलं असलं तरी आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. रुग्णाचा पाठपुरावा एकाच पद्धतीवर ठेवा आणि सी३, सी४ ही रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं सोबत बघा. एलायझा जेमतेम पॉझिटिव्ह आणि हेप-२ पेशींवरचा एएनए (पेशीकेंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडीची चाचणी) निगेटिव्ह, अशी जोडी आली की रिपोर्ट सोडण्याआधी क्रिथिडिया लावा. इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफविरोधी औषधं चालू असतील तरी या अँटिबॉडी उगवतात, म्हणून औषधांची यादी मागून घ्या.

संशोधनाकडे वळायचं असेल तर परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे. जाल तिथे कंट्रोल (तुलनेसाठीची सीरम) कुठून आणणार हा प्रश्न येणारच. निरोगी रक्तदात्यांची सीरम पुरत नाहीत. युलार आणि एसीआर या संधिवात-तज्ज्ञांच्या युरोपीय आणि अमेरिकन संघटनांच्या २०१९ च्या ल्युपस निकषांत अँटी-डीएस-डीएनएला (दुहेरी डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडीला) ६ गुण आहेत, पण ते देताना चाचणीची स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांत निगेटिव्ह येण्याचं प्रमाण) ल्युपसशी साम्य असलेल्या इतर आजारांच्या तुलनेत किमान ९० टक्के असावी लागते. म्हणजे ऱ्हूमॅटॉइड संधिवात, शोग्रेन अशा रुग्णांची सीरम हवीत. एथिक्स समितीच्या अर्जात हे गट पहिल्याच वेळी लिहा आणि नमुने ५० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून गोठवा. तीच ट्यूब पुन्हापुन्हा वितळवली की आकडे भरवशाचे राहत नाहीत.