तळपायाची चामखीळ: कापू नका, घासा

मी मुलींना खो-खो शिकवते, त्यामुळे अनवाणी पळणारे पाय रोज बघते. तळपायाला काही कडक लागलं की घरचे सांगतात, "कुरूप आहे, ब्लेडने काप." पुष्कळदा ते कुरूप नसतंच. ती चामखीळ असते, विषाणूमुळे होते आणि कापाकापीने आजूबाजूला पसरते.

आधी ओळखून घ्या. बोटांच्या ठशांवर असतात तशा बारीक रेषा तळपायावरही असतात. कुरुपावरून त्या सरळ पुढे जातात. चामखिळीपाशी मात्र तुटतात, तिला वळसा घालतात. आत काळे ठिपके दिसले तर तो काटाही नाही आणि 'मूळ'ही नाही, त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. सुईने उकरू नका. कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की.

मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, तर पुढचं काहीही घरी करू नका. चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर खाली सांगितलेलं औषध लावायचंच नाही. तळपायावर किंवा नखाखाली काळपट डाग वाढतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, रक्त येतंय, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सावळ्या त्वचेत मेलानोमा हा कॅन्सर बहुतेकदा तळपाय, तळहात आणि नखाखालीच दिसतो. मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ चामखिळी वेगळ्या, त्या निरुपद्रवी असतात. नको असतील तर डॉक्टर काही मिनिटांत काढतात. घोड्याचा केस बांधून त्या पिकवू नका.

औषध म्हणजे सॅलिसिलिक आणि लॅक्टिक ॲसिड, प्रत्येकी साधारण 17 टक्के असलेलं पातळ द्रावण. केमिस्टकडे मिळतं. रात्री पाय 5 मिनिटं गरम पाण्यात ठेवायचा, पुसायचा, घासायचा. भोवतालच्या चांगल्या कातडीला व्हॅसलीन लावून चामखिळीवर एक थेंब सोडायचा आणि वाळला की चिकटपट्टी.

यातलं घासणं मला फार उशिरा कळलं. माझ्या टाचेवरच्या चामखिळीवर आधी बिब्बा लावला गेला. मोठा फोड आला, दहा दिवस टाच टेकवता येईना आणि फोड बसल्यावर खाली चामखीळ होती तशीच. चुना आणि पापडखार लावणारेही मी पाहिलेत, तोही भाजण्याचाच प्रकार. मग औषध आणलं, सहा आठवडे नेमाने लावलं, फरक शून्य. कारण मी घासतच नव्हते. हे औषध वरची कातडी फक्त मारतं आणि मऊ करतं. ती पांढरी मेलेली साल काढली नाही, तर आजचा थेंब कालच्या सालीवरच वाळतो आणि खाली काही पोहोचत नाही.

घासायला नखांची कागदी कानस घ्या. न्हाणीघरातली वजरी अजिबात नको. तीच वजरी सगळं घर वापरतं आणि चामखीळ घरभर फिरते. कानशीचा तुकडा फक्त त्या जागेसाठी ठेवा, काही दिवसांनी फेकून द्या. पांढरं निघून गेलं आणि जरा हुळहुळायला लागलं की थांबा. रक्ताचा ठिपका दिसला म्हणजे जास्त झालं. मग दोन-तीन दिवस औषध बंद ठेवा, लाली उतरली की पुन्हा सुरू करा. चामखीळ दिसायला सपाट झाली की मुली औषध सोडतात आणि महिनाभरात ती परत येते. मी त्यांना रेषा बघायला सांगते. त्या जागेवरून रेषा पुन्हा अखंड गेल्या, की मगच बंद.

12 आठवड्यांत गेली नाही, तर डॉक्टर द्रव नायट्रोजनने गोठवतात. त्याला बहुधा एकाहून जास्त फेऱ्या लागतात. लहान मुलाला दुखत नसेल तर काहीच केलं नाही तरी चालतं. पुष्कळ मुलांच्या चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात.

तोवर मोजे आणि टॉवेल वेगळे, सामाईक न्हाणीघरात पायात चप्पल, आणि मैदानात उतरताना चामखिळीवर चिकटपट्टी.