पर्यायी संगीताच्या मासिकाचे शीर्षनाव आणि दृश्यरूप कसे घडवावे

मुख्य प्रवाहाबाहेरच्या संगीताचे मासिक काढायचे ठरले की मन आधी फॉन्टकडे धावते. परंतु त्यापूर्वी अंक कोणत्या कागदावर आणि किती खर्चात छापायचा आहे, हे निश्चित करावे. १९७६ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘स्निफिन ग्लू’ या पंक (बंडखोर रॉक) संगीताच्या नियतकालिकाचे नाव हाताने लिहिलेले होते, मजकूर टाइपरायटरवरचा होता आणि प्रती झेरॉक्सच्या होत्या. त्याचा चेहरा या तुटपुंज्या साधनांतूनच घडला आणि म्हणूनच तो त्या संगीताला शोभला.

नियतकालिकाचे नाव भारतात प्रेस रजिस्ट्रार जनरलकडून पडताळून घ्यावे लागते, त्यामुळे रेखाटनाला बसण्याआधीच दोन-तीन पर्यायी नावे हाताशी ठेवावीत.

त्यानंतरचे काम कागद-पेन्सिलीचे आहे आणि सर्वाधिक वेळ इथेच द्यावा. समजा, नाव ‘ठिणगी’ आहे. यात दोन्ही टोकांच्या वेलांट्या शिरोरेषेच्या वर उठतात आणि ‘ण’च्या डोक्यावर मोकळी जागा उरते, अंकाचा महिना व किंमत तिथे नेमकी बसते. मात्र शेवटच्या ‘गी’मध्ये ‘ग’चा दंड (उभी रेषा) आणि वेलांटीचा दंड शेजारी येतात. अक्षर जाड केले की हे दोन दंड कुंपणासारखे दिसू लागतात, म्हणून त्यांच्यातील अंतर पट्टीने न मोजता डोळ्याने जुळवावे. तयार फॉन्ट अशा जागी अडखळतो. अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी रेखाटलेली शीर्षके अभ्यासावीत. नाटकाचा स्वभाव त्यांच्या अक्षरांच्या वळणातच उतरलेला असतो.

आतील पानांसाठी एक वाचनीय फॉन्ट, एक ठळक फॉन्ट आणि काळ्यासोबत एकच रंग पुरेसा आहे. दर अंकाला तो रंग बदलावा, पण शीर्षनावाचा आकार निदान पहिले वर्षभर बदलू नये. अमेरिकेतील ‘रे गन’ या संगीत मासिकात त्याचे मांडणीकार डेव्हिड कार्सन यांनी १९९४ साली एक कंटाळवाणी वाटलेली मुलाखत केवळ चिन्हांच्या फॉन्टमध्ये छापली, हे खरे, परंतु तिचा वाचता येणारा मजकूर त्याच अंकाच्या शेवटी दिला होता. बंडखोर मांडणीतही वाचकाचा हक्क राखता येतो, हे मला त्यातले सर्वांत मोलाचे वाटते.

शेवटी चाचणी घ्यावी. प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच नमुना छापावा, कारण मॅपलिथोसारखा बिनचकाकीचा कागद शाई शोषतो आणि ‘ठ’च्या पोटातील पांढरी जागा बुजू शकते, तसे झाल्यास ती जागा मूळ रेखाटनातच वाढवावी. मासिके स्टॉलवर एकमेकांवर ठेवलेली असतात, म्हणून मुखपृष्ठाचा केवळ वरचा एक तृतीयांश भाग उघडा ठेवून नाव वाचता येते का, तेही पाहावे. मोबाइलवरील छोट्या चौकोनासाठी संपूर्ण नाव आक्रसून न टाकता फक्त ‘ठि’ वापरावे आणि त्याची रेषा मूळ शीर्षनावापेक्षा किंचित जाड ठेवावी.