लिनक्सवर प्रत्येक साइट उघडताना बरोबर ५ सेकंद अडकणे: माझा अनुभव

लक्षण असे: आयपी पत्त्यावर पिंग तत्काळ, ‘डिग’ला (डीएनएसला, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारणा करणारी कमांड) उत्तर काही मिलिसेकंदांत, पण कर्ल (वेब पत्ता उघडणारी कमांड), एसएसएच (दुसऱ्या संगणकावर लॉगिन), पॅकेज अपडेट सगळे नेमके ५ सेकंद थांबून मग चालू. ‘आयपी राउट’मध्ये डीफॉल्ट मार्ग ठीक होता. डीएनएस सर्व्हर बदलून गुगलचा ८.८.८.८ दिला, तरी फरक शून्य. यात दोन संध्याकाळी गेल्या.

‘डिग’ एकच विचारणा पाठवतो, म्हणून तो फसवतो. ‘टाइम गेटएंट एहोस्ट्स’ आणि पुढे साइटचे नाव, असे तपासा (ही कमांड इतर प्रोग्रामप्रमाणेच सिस्टीमच्या मार्गाने नाव शोधते आणि लागलेला वेळ दाखवते); खरा उशीर तिथे दिसतो. मग पोर्ट ५३ वर, म्हणजे डीएनएसच्या पोर्टवर, टीसीपीडम्प (नेटवर्कवरील पॅकेट दाखवणारी कमांड) लावा. जीलिबसी (बहुतेक लिनक्समधील मूळ सी लायब्ररी) एकाच सॉकेटमधून ए (आयपीव्ही४ पत्ता) आणि क्वाड-ए (आयपीव्ही६ पत्ता) या दोन्ही विचारणा लागोपाठ सोडते. माझा राउटर दुसऱ्या विचारणेचे उत्तर गिळत होता. ५ सेकंद म्हणजे रिझॉल्व्हरचा (जीलिबसीतील नाव शोधणाऱ्या भागाचा) मूळ टाइमआउट.

उपाय, याच क्रमाने:

१. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ ही डीएनएस सेटिंगची फाइल बघा. नेमसर्व्हर १२७.०.०.५३ असेल तर सिस्टीमडी-रिझॉल्व्ह्ड ही स्थानिक डीएनएस सेवा दरम्यान बसलेली आहे. हा उपाय तुमच्यासाठी नाही.
२. ती फाइल हाताने बदलू नका, नेटवर्कमॅनेजर (नेटवर्क जोडण्या सांभाळणारी सेवा) पुन्हा लिहून टाकतो. त्याच्या ‘एनएमसीएलआय कनेक्शन मॉडिफाय’ या कमांडने कनेक्शनच्या ‘आयपीव्ही४ डॉट डीएनएस-ऑप्शन्स’मध्ये ‘सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन’ घाला; मग दुसरी विचारणा नव्या सॉकेटमधून जाते.
३. ‘एनएमसीएलआय कनेक्शन अप’ने कनेक्शन पुन्हा चालू करा.
४. फाइलमध्ये ‘ऑप्शन्स’ची ओळ आली का पाहा आणि गेटएंटची वेळ परत मोजा.

आधीपासून चालू असलेले प्रोग्राम रीस्टार्ट केलेले बरे. अल्पाइन लिनक्सवर जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी असल्याने हा पर्याय तिथे लागू पडत नाही.