ऑक्टोबरात शिडाच्या होडीने ऑक्सफर्डला जाताना

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या पूर्वेला ट्रेड एव्हन नदीकाठी ऑक्सफर्ड नावाचे जेमतेम सहाशे वस्तीचे गाव आहे. शिडाच्या होडीने तेथे जाण्यास ऑक्टोबर महिना उत्तम, कारण उन्हाळ्यात पोहणाऱ्यांना हैराण करणारे जेलीफिश तोवर ओसरू लागतात आणि वाराही भरवशाचा असतो. मात्र दोन रात्रींची सवड असल्याखेरीज निघू नये.

याचे कारण वाऱ्यातच आहे. शरदात तेथे दर काही दिवसांनी थंड हवेची लाट येते. ती येण्यापूर्वी वारा बहुधा दक्षिणेचा असतो आणि ती पुढे सरकताच वायव्येकडून जोराने वाहू लागतो. उपसागराच्या पश्चिम काठावरील, ऑक्सफर्डच्या उत्तरेकडील अ‍ॅनापोलिस बंदरातून निघणाऱ्याने हा वायव्य वारा थोडा मवाळ होऊ द्यावा, तो पाठीशी घेऊन दक्षिणेकडे जावे, आणि वारा पुन्हा फिरेपर्यंत ऑक्सफर्डमध्येच मुक्काम करावा. उपसागर उथळ असल्याने वाऱ्यासरशी आखूड, उभ्या लाटा उठतात. सुट्टी संपली म्हणून त्यांच्याशी झुंजत परतणे मला कधीच पटलेले नाही.

टिलगमन बेटाजवळच्या नॅप्स नॅरोजमधून गेल्यास अंतर वाचते, पण त्या चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी गाळ साचतो. शिवाय वायव्य वारा बराच वेळ वाहिला की उपसागराचे पाणी बाहेर लोटले जाऊन खोली नकाशातल्या आकड्याहून कमी भरते. ज्या होडीचा तळ खोल आहे तिने बाहेरून, शार्प्स आयलंडच्या दीपस्तंभाला वळसा घालून, ट्रेड एव्हन जिला मिळते त्या चॉपटँक नदीत शिरावे. १९७७ च्या हिवाळ्यात बर्फाच्या रेट्याने हा दीपस्तंभ कलला, आणि ज्या बेटाचे नाव तो सांगतो ते तर केव्हाच पाण्याखाली गेले आहे. उघड्या उपसागरात खेकड्यांच्या सापळ्यांचे तरंगते गोळे इंजिनाच्या पंख्यात अडकू नयेत म्हणून एकाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उभे राहून पाहत राहावे. नदीत शिरताना तांबडे बोये, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा, उजव्या हाताला ठेवावेत.

ऑक्टोबराच्या मध्यावर साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चारपर्यंत पोहोचावे. गावासमोरचे पात्र वाऱ्याला मोकळे आहे. जोराचा वारा अपेक्षित असेल तर टाउन क्रीक या गावालगतच्या लहान खाडीत धक्क्यावरची जागा आधी फोन करून ठरवावी. नांगर टाकायचा झाल्यास पाण्याची खोली आठ फूट आणि पाण्यापासून नाळेची उंची चार फूट, अशा बाराच्या सातपट, म्हणजे चौऱ्याऐंशी फूट दोर सोडावा.

गावात मॉरिस स्ट्रीटवरून सावकाश चालावे. नदीपलीकडच्या बेलव्ह्यू गावाला नेणारी फेरीबोट १६८३ साली सुरू झाली. ती थंडीत बंद असते, म्हणून वेळापत्रक पाहावे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील यॉर्कटाउनच्या विजयाची वार्ता १७८१ मध्ये फिलाडेल्फियाला पोहोचवणारे टेंच टिलगमन यांची समाधी येथल्या दफनभूमीत आहे, तीही चुकवू नये. दुसऱ्या संध्याकाळी धक्क्यावरचे झेंडे उत्तरेकडे फडकू लागले, की पहाटे निघण्याची तयारी करावी.